पसंतीचा पहिला नंबर

माझ्या धाकट्या बहिणीला पुण्याच्या सरकारी कॉलेजात शिकून इंजिनियर व्हायचं होतं, आणि ते माझ्यामुळे झालं नाही. मुद्दाम नाही केलं मी. मुद्दाम केलं असतं तर कोणीतरी चार शिव्या दिल्या असत्या, मीही उलटून बोलले असते आणि प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण चांगल्या मनानं, चांगल्या अक्षरात, शाई वाळेपर्यंत फुंकर घालून केलेल्या चुकीचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

वर्धा जिल्ह्यातल्या रोहण्यात आमचं कापडाचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर, मधे एक पडदा. आम्ही दोघी बहिणी त्या पडद्याच्या अलीकडे-पलीकडे वाढलो. शाळेतून आलं की दप्तर फेकायचं आणि गादीवर बाबांच्या बाजूला जाऊन बसायचं. गिऱ्हाईक आलं की आमचा एक खेळ चालायचा. समोरची बाई खरं तर कोणत्या लुगड्यासाठी आली आहे ते ओळखायचं. ती कधीच सरळ सांगायची नाही. आधी दोन नकोशी लुगडी मागायची, भाव विचारायची, नाक मुरडायची, पाणी प्यायची आणि जाता जाता सहज म्हणून तिसऱ्याकडे बोट करायची. ते तिसरं म्हणजे खरं. मी हे नेहमी बरोबर ओळखत असे. बहिणीला ते जमायचं नाही. बाईनं पहिलं जे मागितलं तेच तिला हवं आहे, असं तिला वाटायचं.

बाबाही इतवारीत माल घ्यायला गेले की तसंच करायचे. मी लहानपणी त्यांच्यासोबत नागपूरला गेले होते, तेव्हा पाहिलं आहे. जो तागा घ्यायचा ठरवलेला असायचा त्याच्याकडे ते ढुंकूनही पाहायचे नाहीत. भलतेच चार तागे उलगडून घ्यायचे, चहा प्यायचे, उठायचे, पुन्हा बसायचे. परत येताना गाडीत मला म्हणाले होते, "ज्याच्यावर जीव आहे, त्याच्यावर पहिले हात ठेवायचा नाई. समोरच्याले समजलं का आपली गरज आहे, तं तो आपल्याले सोलते." एवढं सोडलं तर आमच्या घरात हा नियम कोणी कोणाला शिकवला नाही. तो अंगात होता. आई भाजीवाल्याशी तशीच वागायची आणि मावशीच्या सोयरिकीतही आमच्याकडून तसंच बोलणं झालं होतं.

बहीण मात्र वेगळीच निपजली. तिला जे हवं ते ती तोंड वर करून मागायची. बाबा हसून म्हणायचे, ही दुकानावर बसली तर दुकान बुडवीन. येष्टीत बसलो की ती ड्रायव्हरजवळच्या बॉनेटवर जागा धरायची आणि पुलगाव येईपर्यंत त्याचं डोकं खायची. हा दांडा कशाचा, तो आवाज कशाचा, चढावर गाडी रडते काऊन. आम्हाला लाज वाटायची. पण त्या रस्त्याचे सगळे ड्रायव्हर तिला ओळखत आणि एकानं तर तिला डेपोत नेऊन उघडं इंजिन दाखवलं होतं. त्या दिवशी घरी येऊन ती जेवली नाही, नुसती बोलत राहिली.

माझी बारावी नव्वदीच्या शेवटी झाली. मार्क बरे होते, फार नाही. आमच्या समाजाची एक शिष्यवृत्ती होती, नागपूरला मुलाखत व्हायची. जाताना बाबांनी मला बजावलं की फी मागायची नाही, फक्त पुस्तकांपुरतं मागायचं. मी तसंच केलं. मान खाली घालून म्हटलं, पुस्तकांचं झालं तरी पुष्कळ आहे. समितीतले म्हातारे इतके खूश झाले की त्यांनी पुस्तकं तर दिलीच, वर तीन वर्षांची फीही दिली. त्या फीवर मी वर्ध्याला येष्टीच्या पासवर जाऊन-येऊन बी.कॉम. केलं. तेव्हापासून माझी पक्की समजूत झाली की शिक्षणाचा बाजारही बाजारच असतो, आणि तो मला समजतो. घरात मी फॉर्मवाली झाले. रेशनचा फॉर्म, बँकेचा फॉर्म, गल्लीतल्या कोणाच्या पोराचा फॉर्म, सगळे माझ्याकडे यायचे. अक्षर मोत्यासारखं आहे म्हणायचे. मला त्याचा गर्व होता, कशाला खोटं बोलू.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी बहिणीची बारावी आली. तिला इतके मार्क पडले की शाळेच्या सरांनी स्वतः दुकानात येऊन पेढा मागितला. इंजिनियरिंगच्या प्रवेश परीक्षेतही ती वरच्या नंबरात होती. लोक बाबांना सांगू लागले की पोरीला सावंगीच्या मेडिकलले टाका, डॉक्टर करा. बाबा नुसते हसून गज हातात घ्यायचे. डॉक्टर तिला व्हायचंच नव्हतं. तिला पुण्याचं सरकारी कॉलेज पाहिजे होतं, यंत्रांची शाखा, दुसरं काही नाही. सरांनी तिला सांगितलं होतं की त्या कॉलेजातली यंत्रशाळा इतकी मोठी आहे की आपलं अख्खं रोहणा तिच्यात बसंन. सर कधी पुण्याला गेले होते की नाही देव जाणे. पण तिनं ते धरून ठेवलं.

मग मी पदर खोचला. एक दोनशे पानी वही घेतली. डाव्या पानावर कॉलेजं, उजव्या पानावर शिष्यवृत्त्या. आपल्याला कोणतं कॉलेज झेपेल, हे मला पाहायचं होतं. सरकारी असलं तर फी थोडी, पण होस्टेल आणि खानावळ आलीच. जवळचं खासगी असलं तर घरचं जेवण, येष्टीचा पास, पण फी ऐकूनच बाबा पाणी मागतील. शिष्यवृत्त्यांची माहिती तर कुठं एका जागी मिळायचीच नाही. मी पानठेल्यावरचे जुने पेपर चाळायचे, वर्ध्याच्या कचेऱ्यांमधले फलक वहीत उतरवून घ्यायचे, समाजाच्या मासिकातल्या जाहिराती कापायचे. प्रत्येक ठिकाणी एकच ओळ असायची, स्वतःचा पत्ता लिहिलेला व तिकीट लावलेला लिफाफा सोबत जोडावा. महिनाभरात मी इतके लिफाफे पाठवले की पोस्टमन विचारू लागला, कोणाचं लग्न जमवून राह्यली का बाई.

अर्जांना गुणपत्रिकेच्या सत्यप्रती लागायच्या आणि त्यांवर राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का. आमच्या गावात असा शिक्का एकाकडेच होता, ढोराच्या डॉक्टरकडे. त्याच्या दवाखान्यात गाई-म्हशींच्या रांगेत मी प्रतींचा गठ्ठा घेऊन उभी राहायचे. बहिणीच्या हुशारीवर पशुवैद्यकीय दवाखान्याचा शिक्का, आणि तो घेऊन अर्ज मुंबई-नागपूरला जायचे. आम्ही दोघी त्यावर इतकं हसायचो की आई ओरडायची. ते दिवस आठवले की मला वाटतं, तेच आमचे शेवटचे चांगले दिवस होते.

पंधरा-सोळा अर्जांपैकी एक लागला. नागपूरच्या एका ट्रस्टची शिष्यवृत्ती होती, हुशार मुलींसाठी. चार वर्षांची फी, होस्टेल, पुस्तकं, सगळं. अट एकच की प्रवेश सरकारी कॉलेजात पाहिजे. मुलाखतीला मीच तिला घेऊन गेले. आत जाण्याआधी मी तिला पढवलं की कुठं जायचं असं विचारलं तर म्हण, जिथं मिळेल तिथं. दार अर्धवट उघडं होतं, मला बाहेर ऐकू येत होतं. आतल्या बाईंनी विचारलं आणि ही सरळ म्हणाली, पुण्याचं सरकारी, यंत्रांची शाखा. मी बाहेर कपाळावर हात मारला. वाटलं, संपलं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. निवड झाली होती. सरकारी प्रवेशाची पावती पाठवा, पुढचं आम्ही पाहतो, असं लिहिलं होतं. मला तिथंच अक्कल यायला हवी होती. सरळ मागितलं आणि सरळ मिळालं, हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं. पण मी आईला काय म्हटलं, तर नशीब जोरावर आहे तिचं.

आता राहिला प्रवेशाचा फॉर्म. त्यात कॉलेजं पसंतीच्या क्रमानं लिहायची होती. एक नंबर, दोन नंबर, असं खाली खाली. सोबत एक माहितीपुस्तिका होती, सगळी इंग्रजीत. मी डिक्शनरी घेऊन तीन दिवस बसले. त्यात लिहिलं होतं की प्रवेशाच्या फेऱ्या होतील, आणि एक शब्द होता, बेटरमेंट. म्हणजे पहिल्या फेरीत जे मिळालं त्याच्यापेक्षा चांगलं दुसऱ्या फेरीत मागता येतं. मी हे बाबांना सांगितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. हे तर त्यांच्या ओळखीचंच होतं. पहिली फेरी म्हणजे भाव काढणं, दुसरी फेरी म्हणजे खरी घासाघीस.

बाबा म्हणाले, पहिल्याच झटक्यात पुणं मागितलं तर ते लोक म्हणतीन, रोहण्याची पोरगी लय उडून राह्यली. पहिले जवळचं, साधं मागायचं. ते हातात आलं की मग वर चढायचं. मलाही ते पटलं. पटलं काय, माझ्याच मनातलं बाबा बोलले असं वाटलं. मी यादी केली. पहिला नंबर घराजवळचं एक खासगी कॉलेज, जिथं ती जाणारच नव्हती. दुसरा नागपूरचं दुसरं एक खासगी. तिसरा अमरावतीचं सरकारी. आणि सगळ्यात शेवटी पुणं, सहज म्हणून बोट करावं तसं.

बहीण समोर पाटावर बसली होती. तिनं एकदाच विचारलं की पुणं वर का नाही लिहायचं. बाबांनी तिला समजावलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बाबा बरोबर सांगून राह्यले. तुले यातलं समजत नाई." ती उठून आत गेली. मी निळ्या शाईनं सगळी नावं लिहिली, एकही खाडाखोड नाही.

त्या पुस्तिकेत एका पानावर आणखी एक ओळ होती. ज्यांना पहिल्या नंबरची पसंती मिळेल, ते पुढच्या फेऱ्यांमध्ये येणार नाहीत. ती ओळ मी वाचली होती. हे मी आज सांगते, कारण लोकांना वाटतं ती माझ्या नजरेतून सुटली. सुटली नाही. मी वाचली आणि मनात म्हटलं, बरोबरच आहे, ज्याला पहिल्या पसंतीचं मिळालं तो कशाला येईल पुढं. येऊ देणार नाहीत, असं त्यांना म्हणायचं होतं. येणार नाहीत बिचारे, असं मी वाचलं. माझ्या डोक्यात बाजार इतका भरला होता की नियमसुद्धा मला गिऱ्हाइकासारखा बोलताना ऐकू आला.

फॉर्म द्यायला आम्ही दोघी वर्ध्याला गेलो. एका कॉलेजात टेबलं मांडून फॉर्म घेत होते. आमच्या टेबलावर एक वयस्क कारकून होते, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी मार्क पाहिले, मग यादी पाहिली, मग पुन्हा मार्क पाहिले. आणि चष्मा वर करून मला विचारलं, पहिला नंबर हाच पाहिजे का बाई.

बिचाऱ्यांनी भल्यासाठी विचारलं होतं. मागं एवढी रांग असताना कोणी असं थांबून विचारत नाही. पण मला काय वाटलं, तर हा माणूस आमचं खरं मन काढून राह्यला. इतवारीतले दलाल असंच विचारायचे, शेटजी, नक्की हेच पाहिजे ना, आणि बाबांचा चेहरा दगडासारखा राहायचा. मीही चेहरा तसाच ठेवला. म्हटलं, हो, हाच पाहिजे. त्यांनी एकदा बहिणीकडे पाहिलं. ती खाली पाहत होती. मग त्यांनी शिक्का मारला. बाहेर आल्यावर मी स्वतःवर इतकी खूश होते की तिला रसवंतीवर नेऊन दोन ग्लास रस पाजला.

पहिल्या फेरीचा निकाल वर्ध्याच्या एका सायबर कॅफेत पाहिला. पहिला नंबर मिळाला होता. घरी फोन केला, बाबांनी दुकानात आलेल्या सगळ्यांना पेढे वाटले. आमच्या हिशोबानं सगळं बरोबर चाललं होतं. एक कॉलेज हातात आलं होतं, आता वर चढायचं होतं. दुसऱ्या फेरीच्या दिवशी आम्ही पुन्हा वर्ध्याला गेलो, बाबाही सोबत आले, धुतलेलं धोतर नेसून. टेबलावर या वेळी एक तरुण पोरगा होता. त्यानं कागद पाहिला आणि परत दिला. तुम्हाला पहिली पसंती मिळाली आहे, तुमचं संपलं, त्या कॉलेजात जाऊन फी भरा, म्हणाला.

मी भांडले. खूप भांडले. मला तेवढंच येतं. मी म्हटलं, आम्हाला ते कॉलेज नकोच होतं. तो म्हणाला, मग एक नंबरवर लिहिलं कोणी. बाबा माझ्या मागं उभे होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला बाजूला घेतलं. येताना बसमध्ये बहिणीसाठी बॉनेटवर जागा रिकामी होती, ड्रायव्हरनं हाकही मारली. ती मागं खिडकीपाशी जाऊन बसली.

मग जे करता येण्यासारखं होतं ते सगळं मी केलं, म्हणजे बैल गेला अन् झोपा केला. मुंबईच्या प्रवेश कचेरीला अर्ज केला, त्याचं उत्तरच आलं नाही. ट्रस्टला चार पानी पत्र लिहिलं, चूक माझी आहे, मुलगी हुशार आहे, खासगी कॉलेज चालवून घ्या. त्यांचं उत्तर आलं, फार सभ्य. अट बदलता येत नाही, पुढच्या वर्षी सरकारी प्रवेश मिळाल्यास जरूर कळवा. खासगी कॉलेजची फी विचारायला बाबा एकटेच जाऊन आले. परत आल्यावर ते गादीवर बसले आणि बराच वेळ एक थान उलगडत आणि गुंडाळत राहिले. म्हणाले, करू काहीतरी. बहिणीनंच नाही म्हटलं. तिनं वर्ध्याला बी.एस्सी.ला नाव घातलं, माझ्याच येष्टीच्या वेळेवर, माझ्याच पासच्या पाकिटात.

बाबांनी सगळं स्वतःवर घेतलं. ते आल्या-गेल्याला सांगायचे की मीच माह्या दुकानदारीच्या नादात पोरीचं नुकसान केलं. हात दाखवून अवलक्षण केलं, म्हणायचे. मी तिथंच बसलेली असायचे. फॉर्म मी भरला होता, पुस्तिका मी वाचली होती, कारकुनाला हो मी म्हटलं होतं, आणि तरी मी त्यांना ते बोलू द्यायचे. मधे तोंड घालून एकदाही म्हटलं नाही की बाबा, तुम्ही नाही, मी. मी भित्री आहे. भांडखोर माणसं पुष्कळदा भित्री असतात. दोन वर्षांनी बाबा गेले, तेही हेच ओझं घेऊन गेले.

बहीण पुन्हा परीक्षेला का बसली नाही, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा देता येत होती. ट्रस्टचं पत्र हातात होतं. मी तिच्या मागं लागले, पुस्तकं काढून दिली, घरकामाला हात लावू दिला नाही. ती हो हो म्हणायची. परीक्षेचा अर्ज भरायची शेवटची तारीख आली तेव्हा ती म्हणाली, माझं मन नाही. आई म्हणाली, राहू दे, एकदा मन उडालं की उडालं. मीही तेच धरून चालले. बी.एस्सी. झाल्यावर तिचं हिंगणघाटला लग्न झालं, किराण्याचं दुकान असलेल्या घरी. माझं त्याआधी अमरावतीला झालं होतं.

तिच्या लग्नाला तीन-चार वर्षं झाली असतील, जूनमध्ये मी तिच्याकडे गेले. तोवर ती घरी गणिताच्या शिकवण्या घेऊ लागली होती आणि गल्लीतल्या पोरांचे प्रवेशाचे फॉर्म भरून घ्यायची. मी गेले तेव्हा शेजारची एक मुलगी यादी घेऊन बसली होती. बहीण तिला म्हणत होती, तुला जे सगळ्यात जास्त पाहिजे ते वर, बाकी कोणी काही म्हणो. किती साधं वाक्य होतं ते. मला समोर बसवेना. मी उठून मोरीत गेले, तोंडावर पाणी मारलं, नळ तसाच वाहू दिला.

मुलगी गेल्यावर आम्ही दोघी गवारीच्या शेंगा मोडत बसलो. मी इतकी वर्षं जे बोलले नव्हते ते बोलले. म्हटलं, तुझं पुणं माझ्यामुळे गेलं. बाबांमुळे नाही, माझ्यामुळे. ती ओळ मी वाचली होती आणि उलटी वाचली.

ती शेंगा मोडतच म्हणाली, "मी पण वाचली होती, ताई. सरळ वाचली होती."

मला आधी समजलंच नाही. मी विचारलं, मग बोलली काऊन नाही. ती म्हणाली की बोलली होती. फॉर्म द्यायच्या आधी वर्ध्याच्या बस स्टँडवर तिनं मला पुस्तिकेतलं ते पान उघडून दाखवलं होतं. पहिला नंबर मिळाला तर पुढं घेत नाहीत, असं लिहिलं आहे, म्हणाली होती. आणि मी तिच्या हातातून पुस्तिका घेऊन पिशवीत टाकली होती. "तू म्हणाली, तू अभ्यासाची पुस्तकं वाच, फॉर्म मले वाचू दे." हे सांगताना ती रागावलेली नव्हती. कोणाची तरी जुनी खोड सांगावी तशी सांगत होती.

मला त्या दिवसाचं सगळं आठवतं. कारकुनाच्या चष्म्याचा दोरा आठवतो, रसातलं लिंबू आठवतं, येताना बस कुठं बंद पडली तेही आठवतं. हे आठवत नाही. मी किती वेळा डोळे मिटून त्या स्टँडवर जाऊन उभी राहिले, तरी तिच्या हातात उघडं पान मला दिसत नाही. पण ती खोटं बोलत नाही, आणि ते वाक्य माझंच आहे. मी असंच बोलते.

मी म्हटलं, दुसऱ्या फेरीत त्या पोरानं परत पाठवलं तेव्हाच का नाही सांगितलं, की मी हिला सांगितलं होतं. ती म्हणाली, बाबा उभे होते ना. त्यांनी तुझ्या खांद्यावर हात ठेवला होता. त्यांना कळलं असतं तर तो हात त्यांनी काढून घेतला असता.

मला रडू आलं. तिनं शेंगांची परात बाजूला सरकवली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला, मीच मोठी असून. जरा शांत झाल्यावर मी तिला शेवटचं विचारलं. पुढच्या वर्षी तर वाट मोकळी होती, ट्रस्टवाले देत होते, मार्क होते, मग परीक्षेला काऊन नाही बसली. खरंच मन उडालं होतं का.

ती म्हणाली, "नाई, मन नव्हतं उडालं. पण फॉर्म पुन्हा तूच भरला असता ना, ताई. अन् तुले नाई म्हणता आलं नसतं मले."

एवढं बोलून तिनं परात पुन्हा पुढ्यात ओढली. उरलेली गवार तिनंच मोडली. माझ्या हातून मोडवेना.